सगळ्या वर्गाची गोष्ट

वर्गातल्या मुलांनी मिळून गोष्ट रचणे ही शिक्षणातली जुनी आणि जवळजवळ बिनखर्ची पद्धत आहे. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने ती पुढे न्यायची, तिसऱ्याने तिला अडवायचे, आणि सगळ्यांना पटणारा शेवट सापडेपर्यंत कोणी हात झटकायचे नाहीत. फळा, खडू आणि निवांत एक तास एवढ्यावर काम भागते. तरीही ही पद्धत शाळांत क्वचितच दिसते. शाळेतली गोष्ट एक तर ऐकायची असते, नाहीतर परीक्षेत लिहायची. शिक्षक सांगतात आणि मुले ऐकतात. किंवा मुद्दे दिले जातात, प्रत्येक जण एकटा बसून त्यांचा विस्तार करतो, वर शीर्षक देतो आणि खाली तात्पर्य लिहितो. दोन्हीकडे गोष्टीची वाट आधीच ठरलेली असते. सामूहिक गोष्टीत पुढचे वाक्य कोणालाच ठाऊक नसते, शिक्षकालाही नसते, आणि त्यामुळेच सगळा वर्ग विचाराला लागतो.

कल्पनाशक्ती ही काही मोजक्या मुलांना मिळालेली देणगी आहे, असा समज पालकांत आणि शिक्षकांतही खोलवर रुजलेला आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी १९३० मध्ये बालपणातील कल्पनाशक्तीवर लिहिलेल्या निबंधात वेगळी मांडणी केली. पाहिलेल्या, ऐकलेल्या, भोगलेल्या गोष्टींचे तुकडे नव्या रीतीने जोडले की कल्पना तयार होते, असे त्यांचे म्हणणे. अनुभवाचा साठा जेवढा मोठा तेवढी कल्पनेला सामग्री जास्त. यातून वर्गापुरता निघणारा निष्कर्ष सरळ आहे. तीस मुलांच्या वर्गात तीस घरांचे अनुभव शेजारी-शेजारी बसलेले असतात. कोणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेली असते, कोणाच्या घरी यात्रेतले पाळणे चालवण्याचा धंदा असतो, कोणी आजीकडे राहून शिकत असतो, कोणाचे वडील रात्रपाळी करतात. एकट्याच्या वहीत एका घरापुरती सामग्री उतरते. सगळ्यांच्या गोष्टीत तीस घरांची येते.

मिळून गोष्ट रचण्याचे दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. सोबत्याने टाकलेले वाक्य हे पुढच्या मुलासाठी बंधन असते, आणि बंधन आल्याशिवाय कल्पना सहसा जोर धरत नाही. ‘राजा जंगलात गेला’ असे एकाने म्हटले की पुढच्याच्या ओठावर वाघ तयार असतो. पण मधल्या मुलीने राजा आंधळा आहे असे सांगून टाकले, तर तो वाघ दिसणार कसा? मग त्याचा वास येतो, पाचोळा वाजतो, माकडे ओरडतात, राजाचा हात घोड्याच्या थरथरणाऱ्या मानेवर पडतो. त्या मुलीने आडकाठी घातली नसती तर यातले काहीच सुचले नसते. ‘काहीही लिहा, मोकळेपणाने लिहा’ असे सांगून कोरा कागद पुढे ठेवला की बहुतेक मुले गोठून जातात किंवा पाठ असलेली गोष्ट उतरवून काढतात. नेमकी अडचण पुढे ठेवली की तीच मुले बोलायला लागतात.

या पद्धतीला शास्त्राची बैठक मिळाली ती प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर, इटलीत. तिची मुळे फ्रान्समध्ये होती. सेलेस्तें फ्रेने (१८९६–१९६६) हे दक्षिण फ्रान्समधल्या खेड्यातले प्राथमिक शिक्षक. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती आणि वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे त्यांना झेपत नसे. त्यांनी मुलांना गावात, शेतात, कारागिरांकडे न्यायला सुरुवात केली. परत आल्यावर मुले जे पाहिले ते सांगत, लिहीत, एकमेकांचे लिखाण वाचून दुरुस्त करत. १९२० च्या दशकात त्यांनी वर्गात एक छोटे छपाईयंत्र आणले. मुले स्वतःच्या हाताने खिळे जुळवून आपला मजकूर छापत आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवत. आपण लिहिलेले कोणीतरी खरोखर वाचणार आहे हे कळल्यावर मुलाच्या लिखाणात केवढा फरक पडतो, हे फ्रेने यांनी दाखवून दिले.

इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने प्राथमिक शाळांवर सरकारी छापाचे एकच पाठ्यपुस्तक लादले होते. युद्ध संपले, राजवट गेली, पण घोकंपट्टीची सवय वर्गात तशीच राहिली होती. तिला कंटाळलेल्या शिक्षकांनी १९५१ मध्ये फ्रेने यांच्या विचारांवर सहकारी शिक्षणाची चळवळ उभी केली. मारिओ लोदी (१९२२–२०१४) हे तिच्यातले एक मोठे नाव. पो नदीच्या सपाट प्रदेशात पियादेना या गावाजवळ व्हो नावाचे खेडे आहे. लोदी तिथे शिकवत. त्यांच्या वर्गातल्या मुलांचे लक्ष वारंवार खिडकीबाहेरच्या कौलांकडे आणि त्यांवरच्या चिमण्यांकडे जाई. बहुतेक शिक्षकांनी खिडकी लावून घेतली असती. लोदींनी मुलांना काय दिसते ते बोलू दिले आणि त्या बोलण्यातून सगळ्या वर्गाची मिळून एक लांबलचक गोष्ट तयार झाली. चिपी नावाच्या चौकस चिमण्याची ही गोष्ट १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि इटलीतल्या कित्येक पिढ्यांनी ती शाळेत वाचली. लेखक म्हणून मारिओ लोदी आणि त्यांच्या वर्गातली मुले, असा उल्लेख त्यावर असतो.

लोदी १९६३ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या उत्तरेच्या डोंगरात बार्बियाना इथे गेले. तिथे लोरेंझो मिलानी (१९२३–१९६७) हे धर्मगुरू, सरकारी शाळेने नापास करून बाहेर टाकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत होते. दोन्ही शाळांत पत्रव्यवहार सुरू झाला, आणि लोदींच्या मुलांना पत्र लिहिता लिहिता बार्बियानाच्या मुलांनी एकत्र लिहिण्याची स्वतःची रीत घडवली. त्याच रीतीने आठ मुलांनी मिळून शाळेच्या व्यवस्थेला जाब विचारणारे पुस्तक लिहिले. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक जगभर गाजले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे. शिक्षणाची आस्था असलेल्या अनेक मराठी वाचकांना ते ठाऊक असते; पण ते कसे लिहिले गेले याकडे लक्ष कमी जाते.

बार्बियानाच्या मुलांची कृती अशी होती. प्रत्येकाने खिशात टिपणवही ठेवायची आणि सुचेल ते तिथल्या तिथे टिपायचे. प्रत्येक विचार वेगळ्या कागदावर, एकाच बाजूला लिहायचा. ठरलेल्या दिवशी सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे. एकच विचार दोनदा आला असेल तर एक कागद बाजूला काढायचा. नात्यातले कागद एकत्र करून ढीग लावायचे. मोठा ढीग म्हणजे प्रकरण, त्यातले छोटे ढीग म्हणजे परिच्छेद. प्रत्येक ढिगाला नाव द्यायचे. नाव सुचत नसेल तर त्या ढिगात काही दम नाही किंवा दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत असे समजायचे. मग क्रम लावायचा, कात्री आणि डिंक घेऊन बसायचे, आणि प्रत्येक वाक्य कमीत कमी शब्दांत कोण सांगतो हे पाहायचे. शेवटी मजकूर बाहेरच्या माणसांना, शक्यतो फार न शिकलेल्यांना, वाचून दाखवायचा आणि त्यांना काही अडले तर तिथे पुन्हा लिहायचे. बार्बियानाच्या मुलांनी ही रीत वैचारिक लेखनासाठी वापरली. पण गोष्टीसाठीही ती सहावी-सातवीपासून वर उत्तम चालते, आणि वर्गातल्या अबोल मुलांसाठी तर तिच्यासारखी दुसरी रीत सापडणे कठीण. हात वर करून बोलायला जे मूल धजावत नाही, त्याची चिठ्ठी टेबलावर इतरांच्या चिठ्ठ्यांइतकीच जागा घेते.

गोष्ट रचण्याच्या युक्त्यांचा सर्वांत श्रीमंत साठा मात्र जान्नी रोदारी (१९२०–१९८०) यांनी मागे ठेवला. उत्तर इटलीत ओमेन्या इथे जन्मलेले, बेकरीवाल्याचे हे चिरंजीव. तरुणपणी ते शिक्षक होते, नंतर पत्रकार आणि मुलांचे लेखक झाले. १९७० मध्ये त्यांना बालसाहित्यासाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. मार्च १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या शहरात त्यांनी पन्नासेक शिक्षकांबरोबर पाच दिवस बैठका घेतल्या. विषय होता गोष्टी कशा सुचतात आणि मुलांबरोबर त्या कशा रचाव्यात. शहरही साजेसे होते: १९६३ पासून तिथली नगरपालिका स्वतःच्या बालशाळा चालवत होती आणि लोरिस मालागुत्सी यांच्या मार्गदर्शनाखालच्या त्या शाळा पुढे जगप्रसिद्ध झाल्या. या बैठकांतून १९७३ मध्ये रोदारींचे कल्पनेच्या व्याकरणावरचे पुस्तक आले. ते त्यांनी त्या शहरालाच अर्पण केले.

त्यातली सर्वांत साधी युक्ती दोन शब्दांची आहे. रोदारी शिक्षक असताना एका मुलाला फळ्याच्या दर्शनी बाजूवर एक शब्द लिहायला लावत आणि त्याच वेळी दुसरा मुलगा फळ्याच्या मागच्या बाजूवर, कोणाला न दिसेल असा, दुसरा शब्द लिही. मग फळा उलटायचा. दोन्ही शब्द एकमेकांपासून पुरेसे लांब असावे लागतात. घोडा आणि टांगा यांच्यात नवे काही घडत नाही, कारण ती जोडी डोक्यात आधीच लागलेली असते. रोदारींचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे. कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा, कुत्र्याचे कपाट, कुत्र्यासाठी कपाट, कपाट घेऊन चाललेला कुत्रा: प्रत्येक जोडणीतून वेगळी गोष्ट डोके वर काढते. मराठीत तर विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लावत गेले की दहा मिनिटांत फळा भरतो, आणि व्याकरणाच्या तासाला जांभया देणारी मुलेही त्या प्रत्ययांची किंमत ओळखतात.

दुसरी युक्ती प्रश्नाची: अमुक झाले तर? रेज्जो एमिलिया शहर उडायला लागले तर काय होईल, असा प्रश्न रोदारी विचारत. अशा प्रश्नात एकच गोष्ट अशक्य असते, बाकी सगळे नेहमीच्या नियमांनी चालते, आणि मजा त्या नियमांत असते. गाव हवेत गेले तर एस.टी. कुठे थांबणार, विहिरीचे पाणी खाली सांडेल का, शेजारच्या गावात दिलेल्या लेकीने माहेरी यायचे कसे, हे मुलांना चुकवता येत नाही. कल्पनेबरोबर तर्कही राबतो. कल्पनारम्य गोष्टींनी मुले वास्तवापासून तुटतात या भीतीला यातच उत्तर मिळते.

तिसरी युक्ती ठाऊक असलेल्या गोष्टी बिघडवण्याची. रोदारी लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतले शब्द देत, म्हणजे मुलगी, जंगल, फुले, लांडगा, आजी; आणि त्यांच्या शेवटी हेलिकॉप्टर हा शब्द घालत. पाच शब्द जुन्या वाटेने ओढतात, सहावा रुळावरून खाली उतरवतो. मराठी घरांत यासाठी पुरेसे भांडवल आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी वाटेत चिऊताईच्या मेणाच्या घराशी थांबली तर? कावळ्याचे शेणाचे घर वाहून गेले त्या रात्री चिऊने दार लगेच उघडले तर? बालवाडीतली मुलेही अशा वेळी सरसावतात, कारण मूळ गोष्ट त्यांची पाठ असते आणि ती मोडण्याचा अधिकार मिळाल्याचा आनंद मोठा असतो. रोदारींनी १९७१ मध्ये प्रत्येक गोष्टीला तीन शेवट असलेले वीस गोष्टींचे पुस्तकही काढले होते. मुलांनी शेवट निवडायचा, तिन्ही पटले नाहीत तर चौथा रचायचा. वर्गात यावर होणारी चर्चा ऐकण्यासारखी असते. चिऊने दार उघडायला उशीर केला तो बरोबर की चूक, यावर सात वर्षांची मुले जो न्याय करतात तो कोणत्याही तात्पर्यापेक्षा खोल जातो.

एक तास प्रत्यक्ष कसा चालतो हे पाहण्यासाठी समजा, फळ्याच्या दोन बाजूंना ‘हापसा’ आणि ‘छत्री’ असे शब्द आले. पहिली दहा मिनिटे नुसत्या जोडण्यांची: हापशावरची छत्री, छत्रीचा हापसा, हापशातून निघालेली छत्री, छत्री मागणारा हापसा. हात वर करून मत घेतल्यावर वर्गाला शेवटची जोडणी आवडली. आता शिक्षकांचे काम प्रश्न विचारण्याचे. हापशाला छत्री कशाला हवी? एक मुलगी सांगते, चैत्रात त्याचा दांडा इतका तापतो की कोणी हात लावत नाही, म्हणून तो एकटा पडतो. हे वाक्य मिळाले की गोष्ट मिळाली, कारण आता एका पात्राला काहीतरी हवे आहे. लगेच कोणी तरी म्हणतो, सरपंचांनी छत्री दिली. गोष्ट इथेच संपायला निघते. चांगला शिक्षक ते वाक्यही फळ्यावर लिहितो, कारण ते एका मुलाने दिलेले आहे, आणि विचारतो: मग त्या छत्रीचे काय झाले? छत्री वाऱ्याने उलटी झाली, असे मागच्या बाकावरून येते. उलट्या छत्रीत काय साठेल? पाणी. कोण पिईल? चिमण्या, कुत्री, म्हशीचे रेडकू. हापसा सावली मागत होता आणि आता त्याच्या डोक्यावर पाणी साठले आहे. तो खूश आहे का? इथे वर्गात दोन तट पडतात. एका तटाला हापसा रागावलेला हवा, दुसऱ्याला त्याच्याभोवती गर्दी झालेली हवी. दोन्ही शेवट लिहून ठेवायला हरकत नाही. घाईने एकमत घडवण्यापेक्षा भांडण नीट नोंदवणे बरे.

या तासात शिक्षकांनी एकही घटना स्वतःची घातलेली नाही. त्यांनी लिहिले, वाचून दाखवले आणि विचारले. हे दिसते तेवढे सोपे नसते. मुलाचे वाक्य फळ्यावर उतरताना मोठ्या माणसाचा हात ते सुधारतो: अशुद्ध शब्द शुद्ध होतो, ‘मग मग मग’ गाळले जाते, बोलीतला शब्द प्रमाण होतो. मूल ते पाहते आणि ओळखते की हे आपले राहिले नाही. पहिल्या लिखाणात मुलाचे शब्द जसेच्या तसे यावेत, आणि दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, वर्गाने मिळून, स्वतःच्या मजकुरावर करावी. सगळ्या पद्धतीचा प्राण लेखनिकाच्या या इमानदारीत आहे.

शिकागोच्या शिक्षिका व्हिव्हियन पेली (१९२९–२०१९) यांनी लहान वयाच्या वर्गासाठी याच इमानदारीवर आधारलेली पद्धत बसवली. शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशील शाळेत (लॅबोरेटरी स्कूल) त्या वर्षानुवर्षे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवत होत्या. मूल त्यांच्या शेजारी येऊन बसे आणि गोष्ट सांगे. त्या शब्दन्‌शब्द लिहून घेत. गोष्ट एका पानात बसली पाहिजे, एवढी अट. दुपारी सगळी मुले जमिनीवर आखलेल्या चौकोनाभोवती बसत आणि ती गोष्ट तिथल्या तिथे नाटक म्हणून होई. कर्ता स्वतःची भूमिका निवडे. बाकीच्या भूमिका गोल बसलेल्या मुलांना ओळीने मिळत, आवडत्या मित्रांना वाटल्या जात नसत. नको असेल तर मूल नाही म्हणू शके. वेशभूषा नाही, तालीम नाही. सगळा खेळ काही मिनिटांत आटोपे.

एकाची गोष्ट सगळ्यांची होते ती या टप्प्यावर. आज एकाच्या गोष्टीत आलेली मांजर उद्या तिघांच्या गोष्टींत येते, परवा तिला पिल्ले होतात. १९९० मध्ये आलेल्या पेलींच्या पुस्तकात एका मुलाची हकीकत आहे. तो सतत हेलिकॉप्टर बनून वावरतो, कोणाशी खेळत नाही आणि त्याचा पंखा कायम मोडलेला असतो. वर्गातली मुले हळूहळू त्याचे हेलिकॉप्टर आपल्या गोष्टींत आणू लागतात आणि वर्षभरात तो त्यांच्यात मिसळत जातो. कोणी त्याला समजावले नाही, कोणी शिक्षा केली नाही. गोष्टीने त्याला जागा करून दिली. अमेरिकेत अल्प उत्पन्न गटातल्या मुलांच्या बालवाड्यांत या पद्धतीचा अभ्यासही झाला. अगेलिकी निकोलोपुलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भाषा, वाचनपूर्व तयारी आणि मिसळून वागणे या अंगांनी मुलांना लाभ झाल्याचे दिसले.

भारतात गोष्ट आणि नाटक यांची ही जोड नवी नाही. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गाला आधी गोष्टी सांगून जिंकतो आणि मग मुलांना त्या कोणत्याही पोशाखाशिवाय नाटकात करू देतो. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या साथीने कोसबाडला वारली मुलांमध्ये ते रुजवले. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात बालवाडी न्यायची, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवायची, ही त्यांची दृष्टी होती. मुलाचे जे आहे तिथून सुरुवात करायची हे सूत्र सामूहिक गोष्टीलाही तंतोतंत लागू पडते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, खानदेशात अहिराणी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला अर्धी परकी असते. सगळ्यांनी रचलेली गोष्ट फळ्यावर त्याच्या शब्दांसकट उतरली की तीच त्याचे पहिले वाचनसाहित्य होते. त्यात न समजणारा शब्द नसतोच, कारण प्रत्येक शब्द वर्गातल्या कोणाच्या तरी तोंडून आलेला असतो.

द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एका-दोन खोल्यांत बसतात. इतर विषयांना ही अडचण असते, गोष्टीला मात्र ती मानवते. लहान मुले बेधडक घटना सुचवतात, मोठी त्यांतली संगती शोधतात आणि लिहून घेतात. साठ मुलांच्या शहरी वर्गात सगळ्यांनी एकदम बोलणे शक्य नसते. तिथे पाच-सहा जणांचे गट करावे आणि एका गटाची सुरुवात दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे फिरवावी.

अडचणी खऱ्या आहेत. दोन-तीन वाचाळ मुले सगळी गोष्ट पळवून नेतात. त्यावर प्रत्येकाला एका फेरीत एकच वाक्य हा नियम पुरतो. मारामारी, भुते आणि कार्टूनमधले नायक हमखास येतात. त्यांना बंदी घातली की मुले शिक्षकांना आवडणाऱ्या गोष्टी सांगू लागतात आणि खेळ संपतो. त्यापेक्षा कार्टूनमधल्या नायकाला गावातल्या आठवडी बाजारात उभे करावे आणि त्याच्याकडे सुटे पैसे नाहीत असे सांगावे. कोणाच्या व्यंगाची, जातीची, गरिबीची चेष्टा गोष्टीत शिरली तर मात्र तिथेच थांबवायला हवे आणि ते स्पष्ट बोलायला हवे. एखादे मूल रोज तीच गोष्ट सांगत असेल तर घाई करू नये. कित्येकदा ते मूल त्यात काहीतरी नीट लावून घेत असते.

सर्वांत मोठा अडथळा तात्पर्याचा आणि गुणांचा आहे. गोष्ट संपताच ‘यावरून आपण काय शिकलो?’ असे विचारले की मुले तयार उत्तरे देतात आणि पुढच्या वेळी त्या उत्तरासाठीच गोष्ट रचतात. गुण दिले की प्रत्येक जण आपले वाक्य राखून ठेवतो. शिक्षकांना प्रगती पाहायचीच असेल तर दुसऱ्या खुणा आहेत. मूल आधीच्या वाक्याला धरून बोलते का? ‘मग’च्या जागी ‘म्हणून’ आणि ‘पण’ येऊ लागले का? पात्राला काय वाटले हे आपण होऊन सांगते का? जून आणि फेब्रुवारीतल्या गोष्टी शेजारी ठेवल्या की हे बदल उघड दिसतात, म्हणून प्रत्येक गोष्ट तारखेसह जपून ठेवावी.

गोष्ट पूर्ण झाली की तिला वाचक मिळाला पाहिजे. मराठी शाळांना हस्तलिखिताची चांगली परंपरा आहे. मात्र त्यात बहुतेकदा सुंदर अक्षराच्या चार मुलांचे लिखाण असते. वर्गाची गोष्ट त्यासाठी फार योग्य. एका गटाने अक्षर काढावे, दुसऱ्याने चित्रे, तिसऱ्याने शिलाई. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजू चालतात. कर्ता म्हणून पटावरच्या सगळ्या मुलांची नावे लिहावीत, एकच शब्द सुचवणाऱ्याचेही. एक प्रत वर्गाच्या वाचनकोपऱ्यात ठेवावी आणि दुसरी केंद्रातल्या शेजारच्या शाळेला पाठवावी, सोबत शेवटची दोन पाने कोरी ठेवून: त्या वर्गाला वेगळा शेवट सुचला तर तो लिहून गोष्ट परत धाडता यावी म्हणून.